नऊ नंबरची खाट

पटलं नाही तर सोडून द्या. पण यातला एकही आकडा मी वाढवून सांगत नाहीये. सगळे मी तेव्हाच वहीत टिपलेत.

माझी ताई डॉक्टर. रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षी तिला वॉर्डची चीफ रेसिडेंट केलं. तेव्हा मी अकरावीत होतो.

पहिला सोमवार. संध्याकाळचे सात. ड्यूटी बदलताना ती एकेक खाट पुकारायची आणि त्या खाटेचा ज्युनियर म्हणायचा, "बघितलं."

नऊ नंबरची खाट रिकामी होती. ताईने ती वगळली.

तरी मागून आवाज आला...

"बघितलं."

मागे कुणीच नव्हतं.

रजिस्टरमध्ये नऊपुढे ताजी नोंद होती. बीपी ११०.

"पोरं फिरकी घेतायत माझी," ती घरी म्हणाली. मलाही तोच संशय आला.

मंगळवारी १००.

बुधवारी ९०. त्या दिवशी जिना चढताना ताईला चक्कर आली. घरच्या यंत्रावर मी तिचं बीपी घेतलं...

९०.

"एका आकड्यावरून काय ठरतं रे, शास्त्रज्ञ?"

गुरुवारी रजिस्टरमध्ये ८०. मी ताईच्या दोन्ही हातांचं मोजलं.

८०.

ती खुर्चीत बसली. "ते अक्षर माझं आहे. सोमवारीच ओळखलं होतं. वाटलं, कुणाला तरी कळलंय आणि माझं पद घालवायला हे चाललंय."

"काय कळलंय?"

पहिल्या वर्षी, सलग तीस तास ड्यूटी झाल्यावर, ती नऊ नंबरच्या आजींकडे गेलीच नव्हती. अंदाजे आकडा लिहिला आणि "बघितलं" म्हणाली. सकाळी आजी गेलेल्या होत्या.

शुक्रवारी सातला ताई त्या खाटेपाशी जाऊन पाच मिनिटं उभी राहिली. नोंद आली नाही. तिचं बीपी पुन्हा नॉर्मलला आलं.

त्यानंतर सहा वर्षं, त्याच हॉस्पिटलात नोकरी धरून, खाटेवर कुणी असो नसो, सुट्टीतसुद्धा, ती रोज जात राहिली.

काल ताई युनिटची प्रमुख झाली. ऑफिस दुसऱ्या इमारतीत. आज सातलाच तिची पहिली मीटिंग.

"आणि नऊ नंबर?" मी सकाळी विचारलं.

"ज्युनियरला सांगितलंय. कामाचा पोरगा आहे."

साडेसातला तिचा फोन आला. "झालं बरं का. 'बघितलं' म्हणाला."

"पण गेला होता का तो?"

ताईने फोन ठेवला...

आत्ता जिन्यावर तिची पावलं वाजतायत. दर दोन पायऱ्यांनी थांबतायत.

यंत्र मी टेबलावर काढून ठेवलंय.