दोनातला स्वच्छ आवाज

मैफलींची बिघडलेली रेकॉर्डिंग दुरुस्त करणं हे माझं काम. जिन्याखालची खोली, एक कॉम्प्युटर, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या जुन्या रजया. कुणाच्या गाण्यात खोकला येतो, कुणाचा आवाज फाटतो. मी खडे निवडावेत तसं निवडत बसते.

त्या दुपारी भाऊजी ताईच्या गेल्या मैफलीचं रेकॉर्डिंग घेऊन आले. ताई माझी सख्खी मोठी बहीण, गाणारी. त्या मैफलीनंतर तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे, तिचंच गाणं तिला ऐकवून पाहा.

"मग जुनं काहीतरी लावा की."

"लावलं. कानांवर हात ठेवते. खुणा करून हेच मागते. पण हे फाटलंय गं."

"तुम्ही पहिल्या रांगेत घोरत असाल, तेच आलं असेल."

हा आमच्या घरातला जुना विनोद. एरवी ते हसले असते.

"त्या दिवशी मी जागा होतो," ते म्हणाले.

मी कामाला लागले. आवाज फाटला की पडद्यावर लाटांचे शेंडे कापल्यासारखे दिसतात. इथे शेंडे शाबूत होते. मला ते खटकलं. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर कळलं, आवाज फाटलेला नव्हताच. एकाच माइकवर दोन आवाज एकमेकांवर चढले होते. आणि दोन्ही ताईचेच.

स्टेजवरच्या स्पीकरमधून फिरून आला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण फिरून आलेला आवाज क्षणभर मागून येतो. इथे कुणीच मागे नव्हतं.

कॉम्प्युटरवर मी दोघांना वेगळं केलं. एक आवाज ओळ उचलण्याआधी हलकेच श्वास घेणारा. लहानपणी ताईच्या कुशीत झोपून ऐकलेला. दुसरा अगदी निर्मळ.

"भाऊजी, माइकपाशी तिच्याबरोबर कोण होतं?"

"कोण असणार... तीच." त्यांचा कप बशीवर वाजला. "त्यातला स्वच्छ आहे तो ठेव ना, बारके."

दोन आवाज आहेत, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते दाराकडे पाहत होते. मला विचारायचं होतं, पण ताई बोलती व्हावी, एवढंच डोक्यात होतं. शिवाय आमच्या कामात श्वास म्हणजे कचरा. सवयीनं हात तिकडे गेला. श्वास घेणारा आवाज काढला, निर्मळ तेवढा ठेवला. भाऊजी तो घेऊन निघाले. पायात चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

दिवेलागणीला फोन वाजला.

"बारके!"

ताई! मला रडूच फुटलं. ती बोलत सुटली. माझ्या रजयांची टिंगल केली, शेजारणीची नक्कल केली, गाण्याची ओळ म्हटली, लगेच दुसरी, लगेच तिसरी... मी हं हं करत होते. मग माझं हं थांबलं. मी तिच्याबरोबर श्वास रोखून पाहिला. छाती दुखायला लागली, सोडावा लागला. तिचं बोलणं चालूच होतं.

"ताई... भाऊजींना दे जरा."

"झोपलेत. बारके, मूळ रेकॉर्डिंग पुसलंस ना?"

"हो," मी खोटंच बोलले.

ते अजून माझ्याकडे आहे. रोज दार लावून मी हेडफोन कानाला लावते. त्यात आता गाणं उरलेलं नाही. फक्त श्वास आहे, ओळ उचलण्याआधीचा, पुन्हा पुन्हा.

आणि कालपासून त्या श्वासाच्या शेजारी कुणीतरी घोरतंय...