कॅप्टनची बाज

सरका जरा शेकोटीजवळ, पोरांनो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट माझ्या शेजाऱ्याची, ऑरिन पेकची, आणि ऑरिन थापा मारणाऱ्यांतला नाही.

कॅप्टनच्या घराची राखण त्याच्याकडे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात आपल्या गावच्या या कॅप्टनला इंग्रजांनी फासावर दिलं, तेव्हा कॅप्टनचा बाप इथे ते घर बांधत होता. पोरासाठी माडीवर दोरीची बाज मांडून ठेवली होती. पोरगं काही निजायला आलं नाही. इतकी वर्षं ती बाज तशीच, ताठ.

ऑरिनचा मुलगा सायलस लष्करात. जायच्या आदल्या दिवशी घर बघायला आला आणि बापाची नजर चुकवून त्या बाजेवर आडवा झाला. सहा फुटी गडी, मावतोय कसला! गुडघे पोटाशी घेऊन म्हणतो, "बाबा, असल्या बाजेपेक्षा कॅप्टनला फास बरा वाटला असेल!"

"ऊठ, गाढवा! दोऱ्या सैल करशील."

"आलो की ताणून देईन ना."

तो गेला. दोऱ्या बापानेच ताणल्या.

दोन हजार एकोणीस, नऊ नोव्हेंबर, शनिवार. दर शनिवारी सायलसचा फोन यायचा. त्या दिवशी आला नाही. ऑरिनला घरात बसवेना. वाऱ्याने कॅप्टनच्या माडीवरची खिडकी आपटत होती, ती लावायला तो रात्री अकराला गेला. खिडकी लावली. वळला.

कर्र...

बाज वाजली.

कुणी नव्हतं. पण गोधडी दबत होती. आधी खांदा. मग कंबर. मग... गुडघे. पोटाशी घेतलेले.

"सायलस?"

...

"अरे, बोल ना रे..."

पुढे जायचं होतं. पाय उचलेना. उजाडेपर्यंत ऑरिन तसाच उभा, हात पुढे करून. लेकरू समोर, आणि बापाला त्याच्या अंगावर पांघरूण घालता येईना. देवाने अशी वेळ कुणावर आणू नये.

सोमवारी दारात लष्कराची गाडी थांबली. खबर घेऊन उतरलेल्या दोघा शिपायांनी तोंड उघडायच्या आत ऑरिन म्हणाला, "ठाऊक आहे मला."

दोऱ्या त्याने पुन्हा ताणून पाहिल्या. संध्याकाळी ताठ, सकाळी सैल. आता ताणत नाही. नुसती गोधडी सारखी करून येतो.

उद्या घर बघायला जाल, तेव्हा त्याला काही विचारू नका. बाजेवर भिंतीच्या बाजूला खळगा दिसेल, गुडघे मुडपून निजल्यासारखा.

तिथे जरा हळू बोला.