भट्टीचा कापूस

धाडकन शटर खाली आलं आणि बाहेरून कुलूप लागलं.

"मामू, आम्ही आत हाय!" शहजादी ओरडली. पण रियाजमामूची मोटारसायकल केव्हाच निघून गेली होती.

"आत कोण हाय, एवढंबी बघितलं न्हाई," शेजारी पाहुणा आलेला सिद्धराम म्हणाला. "लातूरला पाणी न्हाई म्हणून मला सुट्टीत मावशीकडं हदगावला पाठवलं. इथं पत्र्याखाली पापडावानी वाळून राहिलोय."

दोघं मामूच्या लोहारकामाच्या दुकानात नवी गॅसची भट्टी बघायला आले होते. लोखंडी नळकांड्याची ती भट्टी अजून आतून उघडीच होती. सिद्धराम शेजारच्या गोणीवर टेकला.

"ऊठ तिथून! त्यात भट्टीचा कापूस हाय. तो आतून लावला की आच बाहेर जात न्हाई. दिसायला कापूस, पण काचेसारखी बारीक कुसळं. श्वासातून छातीत जातात. मामूसुद्धा तोंडाला फडकं बांधून हात लावतात."

सिद्धराम टुणकन उठला. गोणीच्या भोकातून काहीतरी खाली पडलं होतं. त्यानं वाकून बघितलं.

"भट्टीच्या कापसात सरकी असते का गं?"

शहजादीचा चेहरा उतरला. "इथं दोन गोण्या होत्या, एक खऱ्या कापसाची. सकाळी नानीनं एक नेली. पाशामियाँची उशी भरायला."

पाशामियाँ म्हणजे तिचा तान्हा भाऊ. त्याचा खोकला आत्ताच कुठं थांबला होता. दूध पिऊन झालं, की नानी त्याला दुपारचं निजवायची.

दोघांनी शटर बडवलं, पत्रा बडवला. कुणीच येईना. लोहाराच्या दुकानातली ठोकाठोक ऐकून कोण कशाला बघायला येईल? घामानं डोळे चुरचुरायला लागले.

"तो उशीत तोंड खुपसून झोपतो रे," शहजादी रडवेली झाली.

सिद्धराम आडवा झाला. शटरखालच्या फटीला तोंड लावून त्यानं बोंब ठोकली, "टँकर आला! टँकर!"

पटापट दारं उघडली. घागरी खणखणल्या. सिद्धरामची मावशी धोंडाबाई सगळ्यांच्या पुढं होती.

"कुठं मेला टँकर?"

"टँकर न्हाई, मावशी. कुलूप फोडा आधी. बाळाच्या उशीत भट्टीचा कापूस गेलाय!"

कुणीतरी पहार आणली. शटर गुडघाभर वर गेलं न गेलं, तोच शहजादी खालून सरपटत निघाली आणि पळत सुटली.

नानी, म्हणजे बेगमबी, बाळाला उशीवर ठेवायला वाकली होती. शहजादीनं बाळाला वरचेवर उचललं.

"अगं, आत्ता कुठं झोपलाय!"

शहजादीनं धापा टाकत सगळं सांगितलं. नानी आपल्या लालभडक हातांकडं बघत राहिली. "तरीच सकाळपासून खाजून राहिलं. म्या म्हणलं, घामोळं आलं."

रियाजमामू परतले. फुटलेलं कुलूप बघून तावातावानं घरात शिरले. सगळं ऐकल्यावर तोंडाला फडकं बांधून त्यांनी उशी ओल्या पोत्यात गुंडाळली.

"हात धुवायला पाहिजेत," ते पुटपुटले. घरातला माठ कोरडा होता.

धोंडाबाई घरी गेली. प्यायच्या पाण्याची अर्धी घागर घेऊन आली आणि नानीच्या हातांवर धार धरली.

"पोरं खोटं बोलली," ती म्हणाली, "पण वेळेवर बोलली."