जिन्यावरून न जाणारी केबल

छत बोललं तेव्हा ती बाहत्तराव्या प्रश्नावर होती.

"एका संगणकाला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, तर..." एवढं तिनं मोठ्यानं वाचलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "ब."

"अजून प्रश्न संपला नव्हता," छत म्हणालं.

रुग्णालयाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या या जिन्यावर दुपारी कुणी फिरकत नसे. सगळे लिफ्टनं जात. म्हणून तर जेवणाच्या सुट्टीत ती इथे येऊन बसायची. तिनं वर पाहिलं. फॉल्स सीलिंगचा एक चौकोन सरकवलेला होता. खाली शिडी, शिडीवर धुळीनं पांढरे झालेले दोन बूट, आणि बुटांचा मालक कमरेपासून वर छतात गडप. शिडी ती आली तेव्हाही होतीच. पण मोठ्या इमारतीत शिड्यांकडे कोण लक्ष देतं?

"पाठ आहे माझा," ती जरा चढ्या आवाजात म्हणाली.

"तेच म्हणतोय."

ती उलट काही बोलणार तेवढ्यात वरून मूठभर धूळ आली. अर्धी प्रश्नांच्या गठ्ठ्यावर, अर्धी तिच्या केसांत.

"अहो—"

"चुकलं माझं... थांबा, हलू नका."

केबल ओढायची पांढरी दोरी हळूहळू खाली उतरली. टोकाला निळ्या चौकटींचा रुमाल बांधलेला.

"स्वच्छ आहे," आवाज म्हणाला. "सकाळपासून खिशातच होता."

तिला हसू येत होतं, पण तिनं ते आवरलं. ओळख नाही पाळख नाही, छताशी कोण हसतं?

हसण्यासारखे दिवसही नव्हते. रुग्णालयाच्या संगणक विभागात ती अकरा महिने शिकाऊ होती. फोन उचलायचा, "बंद करून पुन्हा चालू करून बघा" म्हणायचं, आणि त्यानं भागलं नाही तर नेटवर्कवाल्यांकडे द्यायचा. तिला त्या नेटवर्कवाल्यांतच जायचं होतं. त्यासाठी प्रमाणपत्र परीक्षा हवी, आणि त्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. विभागप्रमुख बाईंनी तिला समोर बसवून, आवाज जराही न चढवता सांगितलं होतं, "तिसऱ्यांदा पास झालीस तर कायम करते. नाही झालीस तर पुढच्या महिनाअखेरीला करार संपेल. मला वाईट वाटेल. पण संपेल."

त्याला पाच आठवडे होते. घरी तिनं यातलं पहिलंच वाक्य सांगितलं होतं.

घरी म्हणजे ती आणि बाबा. बाबा टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. तिची रात्रीची भांडी घासून झाली की ते चष्मा लावून चारशे सराव प्रश्नांचा गठ्ठा पुढ्यात घेत. "मी निम्मा प्रश्न वाचला की हिचं उत्तर तयार," असं ते शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत. ते ऐकून तिलाही बरं वाटे.

दुसऱ्या दिवशी ती रुमाल धुऊन घेऊन गेली. शिडी तिथेच होती, बूटही तिथेच. या वेळी तो खाली उतरला. भुवया धुळीनं इतक्या पांढऱ्या की आधी तो पन्नाशीचा वाटला. बाहीनं कपाळ पुसल्यावर तिशीच्याही अलीकडे आला. तिसऱ्या मजल्यावर नवीन केबल टाकायचं कंत्राट त्याच्याकडे होतं. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव 'छतवाला' ठेवून टाकलं.

"बघू तो गठ्ठा," तो म्हणाला.

त्यानं वीस प्रश्न विचारले. वीसही बरोबर. तिनं ऐटीत हात पुढे केला, पण त्यानं गठ्ठा परत दिला नाही.

"हा आजच्या दिवस ठेवू?"

"ठेवा. मला लागत नाही तसा."

बोलण्याच्या नादात रुमाल द्यायचा राहिला.

तिसऱ्या दिवशी गठ्ठा परत आला, पण त्यातले चाळीस प्रश्न वेगळे दिसत होते. छतवाल्यानं चारही पर्यायांच्या पट्ट्या कापून, क्रम बदलून पुन्हा चिकटवल्या होत्या. अ, ब, क, ड ही अक्षरं त्यानं खोडून टाकली होती. बाकी शब्दही बदललेला नव्हता.

तिनं सोडवायला घेतले. चाळीसपैकी सोळा बरोबर आले.

तिनं पान उलटं ठेवलं. मग म्हणाली, "हे करून तुम्हाला काय मिळालं?"

"मला काही नाही. पण परीक्षेत कळण्यापेक्षा—"

"मी विचारलं होतं का तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. "विचारलं नव्हतंत."

ती उठून गेली. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर तिनं गठ्ठा बाबांपुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, आज पर्याय खालून वर वाचा. आणि अक्षर सांगू नका."

बाबांनी तसं वाचलं. दहा प्रश्न झाले, वीस झाले. बाबांचा आवाज हळूहळू उतरत गेला. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे तुला उत्तरं येतात," ते म्हणाले. "प्रश्न येत नाहीत."

गंमत अशी, की हे ऐकून तिला रडू आलं नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. दोन वेळा नापास झाल्यावर तिला वाटायला लागलं होतं की आपल्याला डोकंच नाही. डोकं होतं. ते फक्त चुकीच्या कामाला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यावर गेली आणि छताकडे बघून म्हणाली, "उरलेले तीनशेसाठही कापा."

वर खुडबुड थांबली. "रागावला नाहीत?"

"रागावलेय. कापा."

त्यानं कापले. पण त्याआधी त्यानं तिला तिसऱ्या मजल्यावरच्या वायरिंगच्या खोलीत नेलं. खोली कसली, कपाटच. दोघं उभे राहिले की दार लागत नसे. त्यानं सरावाचे दोन जुने स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या, एका केबलनं जोडले, प्रत्येकाला एकेक संगणक लावला, मग दुसरी केबल तिच्या हातात दिली.

"ही पण लावा. त्या दोघांच्यातच."

तिनं लावली. एकेक करून लुकलुकणारे हिरवे दिवे एकदम वेड लागल्यासारखे फडफडायला लागले.

"एकानं हाक मारली, ती दुसऱ्याकडे गेली, तिथून दुसऱ्या वाटेनं परत, पुन्हा तिकडे..." तो म्हणाला. "याला लूप म्हणतात. थांबवणारं कुणी नाही. आता यात दुसऱ्या कुणाचं बोलणं ऐकू येईल?"

"हा एकशे अकरावा प्रश्न," ती पुटपुटली. "उत्तर क."

"क नाही. हे."

तिनं केबल उपसली. दिवे शांत झाले. तिला ते इतकं आवडलं की तिनं पुन्हा लावली, पुन्हा काढली. चौथ्यांदा लावताना त्याचा हात मध्ये आला, आणि दोघांनीही तो जरा उशिरानेच मागे घेतला.

"नादुरुस्त होईल ना?" तिनं विचारलं.

"स्विच? नाही," तो म्हणाला. "स्विचला काही होत नाही."

संगणकांच्या पत्त्यांची विभागणी तिला मुळीच जमत नसे. ती त्यानं घड्या घालून शिकवली. चौकटीचा कागद, दोनशे छप्पन्न चौकोन, म्हणजे तेवढे पत्ते. एक घडी, एकशे अठ्ठावीस. दुसरी, चौसष्ट. तिसरी, बत्तीस.

"पहिला आणि शेवटचा चौकोन कुणाला द्यायचा नाही. ते राखीव. उरले?"

"तीस."

"पाठ केलंत की मोजलंत?"

"मोजले," ती म्हणाली, आणि खरंच मोजले होते.

दिवस भराभर जात होते. ती आली की तो छतातून उतरायचा, पायरीवर दोन हात अंतर सोडून बसायचा. पुढे ते अंतर एका हातावर आलं. दोघांपैकी कुणी मोजलं नव्हतं असं नाही.

"तुम्ही का देत नाही ही परीक्षा?" तिनं एकदा विचारलं. "तुम्हाला सगळं येतं."

तो केबलला टोक बसवायच्या पकडीशी चाळा करू लागला. "दोनदा फी भरली. दोनदा तारीख रद्द केली."

"का?"

"पडद्यासमोर बसलं की हात मोकळे राहतात. हात मोकळे असले ना... मला काही सुचतच नाही." मग तो हसला. "तुम्ही हसलात तरी चालेल."

ती हसली नाही. "मला उलटं होतं. एक प्रश्न चुकलाय असं वाटलं की मी पुढच्या दहा प्रश्नांत तोच धरून बसते. आणि त्या परीक्षेत मागे जाताच येत नाही. उत्तर नोंदवलं की नोंदवलं."

"मग बरं आहे की."

"काय बरं आहे?"

"मागे जाता येत नसेल तर मागे बघायचं कशाला? तेवढंच एक काम कमी."

परीक्षेच्या दिवशी निघताना बाबा दारापर्यंत आले. "उशीर झाला तरी फोन कर," एवढंच म्हणाले.

परीक्षा केंद्रात फोन, घड्याळ, पाकीट, सगळं बाहेर काढून ठेवायला लावलं. खिशातला निळा रुमाल तपासनिसानं उलगडून पाहिला, झटकला, परत दिला. तो अजून तिच्याकडेच होता. रोज द्यायचा म्हणून न्यायची आणि रोज परत आणायची.

पस्तिसाव्या प्रश्नावर ती थबकली. एका विभागात तीस संगणक, शिवाय राउटरला त्याच गटातला एक पत्ता. लहानात लहान गट किती पत्त्यांचा? गठ्ठ्यातला एकोणिसावा प्रश्न जवळपास असाच होता. त्याचं उत्तर बत्तीस. तिचं बोट माऊसवर गेलंही...

अजून प्रश्न संपला नव्हता.

तिनं रुमाल मांडीवर पसरला. एक घडी, दोन घड्या, तीन. बत्तीस. पहिला नि शेवटचा राखीव, उरले तीस. तीस संगणक बसले. पण राउटर? त्या बिचाऱ्याला उभं राहायलाही जागा नाही. तिनं एक घडी उलगडली. चौसष्ट.

नोंदवलं. पुढे गेली. मागे पाहिलं नाही.

शेवटचा प्रश्न झाल्यावर पडदा क्षणभर पांढरा झाला. मग त्यावर दोन ओळी आल्या. तिनं त्या तीनदा वाचल्या, शेवटच्या शब्दापर्यंत, कारण आता तशी सवय लागली होती. ती पास झाली होती.

बाहेर येऊन तिनं बाबांना फोन केला. पलीकडे एवढी शांतता होती की तिला वाटलं लाइन तुटली.

"बाबा?"

"आहे, आहे," बाबा म्हणाले. आवाज जरा ओला होता. "करार संपणार होता ना तुझा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वर्षं तारांवर होतो मी. कुठे काय तुटतंय ते आवाजावरून कळतं. ये घरी. आज भांडी मी घासतो."

पण घरी जायच्या आधी ती रुग्णालयात गेली. विभागप्रमुख बाईंनी निकाल पाहिला, हसल्या, आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघत एक फाइल पुढे सरकवली. "आजपासून नेटवर्क. तिसऱ्या मजल्याचं काम संपलंय. नकाशाशी ताडून बघ आणि सही कर."

महिन्यापूर्वी तो नकाशा तिला रेघोट्या वाटला असता. आता ती बोटानं एकेक केबल चालत गेली. इथून वायरिंगची खोली, तिथून मागची मार्गिका, मग वॉर्ड, मग परिचारिकांचं टेबल. सगळं चोख. तरी कुठेतरी काहीतरी खटकत होतं. तिनं नकाशावर जिना शोधला, त्याच्याभोवती बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

जिन्यावरून एकही केबल जात नव्हती.

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. तो शिडी मिटत होता. तिचा चेहरा बघून त्यानं ती भिंतीला टेकवली.

"झालात ना? पास?"

"झाले."

त्यानं डोळे मिटून एवढा मोठा श्वास सोडला, जणू परीक्षा त्याचीच होती. "सुटलो बाबा."

"एवढ्यात नाही," ती म्हणाली. "सही करायच्या आधी एक शंका आहे. या जिन्यावरून केबल किती गेल्या?"

तो नकाशाकडे बघायला लागला. मग बुटांकडे. "...एकही नाही."

"मग पाच आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत या छतात काय चाललं होतं?"

"पहिल्या दिवशी जुनी लाइन शोधत होतो. ती निघाली नाही."

"आणि दुसऱ्या दिवसापासून?"

खालच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, लागलं.

"तुम्ही वाचायला याल म्हणून..." तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "शिडी नसती तर इथे यायला मला कारणच नव्हतं. म्हणजे... तसं नाही, मला म्हणायचं होतं की—"

"थांब." तिच्या तोंडून 'थांब' गेलं, 'थांबा' नाही, दोघांच्याही ते लक्षात आलं. "उत्तर नोंदवलं गेलं. आता मागे जाता येत नाही."

"बरोबर आहे का पण?" त्यानं अगदी हळू विचारलं.

तिनं फाइल भिंतीला टेकवून सही केली, पेन बंद केलं, आणि त्याच्याकडे बघून मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू भुवयांवरच्या धुळीपर्यंत पोहोचलं.

काही वेळानं तो म्हणाला, "माझा रुमाल मात्र राहिलाय हं तुझ्याकडे."

"तो मिळायचा नाही एवढ्यात. आधी फॉर्म भर. तारीख घे, आणि रद्द करू नकोस. परीक्षेला निघालास की देईन." ती पायरीवर बसली आणि बाजूची जागा हातानं झटकली. "म्हणजे हात मोकळे राहायचे नाहीत."

तो बसला. या वेळी मध्ये अंतर नव्हतं. तिनं पिशवीतून पट्ट्या चिकटवलेला तो गठ्ठा काढला, पहिलं पान उलटलं आणि घसा साफ केला.

"एका कार्यालयात दोन स्विच आहेत—"

"लूप," तो म्हणाला.

"अजून प्रश्न संपलेला नाही," ती म्हणाली.