ओटीचा नारळ

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला नोएडातल्या त्या सोसायटीतल्या साऱ्या मराठी बायकांच्या ओट्या भरून झाल्या, आणि वल्लरीपाशी येताच शुभदाबाईंचा हात नारळावरून मागे फिरला... सलग सहाव्या वर्षी! सख्ख्या सुनेच्या वाट्याला नुसतं कुंकवाचं बोट. वर बायका पन्हं पिऊन गेल्या न गेल्या, तोच त्यांनी तिच्यापुढे एक कागद टाकला. नसबंदीच्या ऑपरेशनला संमती. नाव-पत्ता स्वतःच्या हातानं लिहिलेला. सही तेवढी तिची हवी होती.

वल्लरीच्या अंगाची लाही लाही झाली. लग्नानंतर वर्षाच्या आत नवराबायको दोघांच्याही रक्तात एचआयव्ही निघाला, तेव्हा सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं, की ही कीड सुनेनंच माहेराहून आणली. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. पण आईला सांगू नकोस, ती खचेल, म्हणून नवऱ्यानं, विक्रांतनं, हात जोडले, आणि या वेड्या पोरीनं तो कलंक मुकाट्यानं कपाळी घेतला! औषधाची एक गोळी चुकवली नाही. आता दोघांच्याही रक्तात विषाणू तपासणीत सापडत नव्हता. उपचार नीट चालू ठेवले तर बाळाला लागण होण्याची भीती अगदी नगण्य, असं डॉक्टरीणबाईंनी परवाच सांगितलं. ते तिनं हरखून घरी सांगितलं, त्याचं हे बक्षीस.

"तुझ्या पापाची शिक्षा त्या निष्पाप जिवाला कशाला?" शुभदाबाई म्हणाल्या.

वल्लरीनं पेन उचललं... आणि शेजारी उभ्या विक्रांतपुढे धरलं.

"तूच लिही यावर, पाप कुणाचं ते. अब्रू दिली तुझ्यासाठी, माहेराला बोल लावून घेतला. कूस नाही देणार."

विक्रांतची मान खाली गेली. "आई, तिचा बिल्कुल दोष नाही. माझ्याकडून झालं तिला. लग्नाआधीचं माझं..."

शुभदाबाईंना आता उमगलं. सहा वर्षं आपण कुणाच्या लेकीला जाळत होतो! डोळ्यांना धार लागली. त्या उठल्या, आणि ताटात खण, हरभरे, नारळ घेऊन सुनेपुढे उभ्या राहिल्या.

वल्लरीही रडत होती, पण तिनं पदर पसरला नाही.

"आधी तो कागद, आई."

शुभदाबाईंनी ओटीचं ताट खाली ठेवलं. कागद उचलला, उभा फाडला, आडवा फाडला... तेव्हा कुठे वल्लरीनं पदर पुढे केला.