तार तुटायची वाट

ए पोरींनो, कान उघडून ऐका! गळ्यातल्या लिंगाची आण घेऊन, पार वेशीपर्यंत ऐकू जाईल असं वरडून सांगते... यातला शब्द न् शब्द खरा हाय! एक जरी खोटा निघाला तर माझी कवळी नारायणगडच्या जत्रंत हरवू दे!

नव्व्याण्णव साल होतं. उन्हाळा. आमच्या दिंद्रुडात बियाणं कंपनीचं हापिस होतं, आमच्याच किराणा दुकानाच्या माडीवर. माझी लेक प्रणिता तिथं कॉम्प्युटरवर बसायची. त्याला फोनची तार जोडलेली. तिच्यातून कंपनीची मेल यायची, जायची. मेल म्हंजी बिनकागदाचं टपाल. असं एकेक मशीन कंपनीनं गावोगावच्या हापिसात ठिवलं होतं. मग कंपनीच्या मालकाच्या मनात आलं, ही सगळी बारकी मशिनं मोडायची अन बीडला एकच थोरलं बसवायचं. पण थोरलं म्हंजी केवढं? ते ठरवायला लातूरहून एक इंजिनेर आला. महांतेश त्याचं नाव.

नाव मातर आमाला लई उशिरा कळलं. कारण माडीच्या पायऱ्यांवर मी मिरच्या वाळत घातलत्या. गडी वर आला तो शिंकतच.

"मी... आक्छी! मी मह... आक्छी!"

प्रणितानं मान वर केली, डोळे बारीक केले. "आक्छी का? आडनाव काय मग?"

डोळ्याला पाणी, नाक लाल, अन हसू दाबता दाबंना... असा त्यो दारात उभा राहिला. प्रणितानं पाण्याचा तांब्या पुढं केला, अन तो घेतल्यावरबी तिचा हात तसाच राहिला पुढं. मी जिन्यातून बघितलं की!

पाणी पिऊन त्यानं काम सांगितलं.

"रोजची मेल मोजून भागत नाही. तार तुटली की मेल साचते. तार जोडली की साचलेलं सगळं एकदम धावत सुटतं. बीडचं मशीन रोजच्याला नाही, त्या धावेला पुरलं पाहिजे. लहान घेतलं तर गुदमरेल, फार मोठं घेतलं तर मालक ओरडतील."

"मग आता काय करायचं?"

"तुमची तार तुटायची वाट बघायची. तुटली, जोडली, मोजलं... की मी चाललो."

प्रणिता खळखळून हसली. "आवो, आमची तार रोज तुटती. उद्या रातचं जेवण तुमी लातूरलाच कराल!"

अन काय सांगू पोरींनो... त्या दिवसापासून तार तुटंना!

मेंढरं राखणाऱ्या सटवाचा बोकड दिवसाआड खांबाला अंग घासून तार खाली पाडायचा. त्यो खांबाला वळसा घालून जाया लागला. लाईनमन गहिनीनाथ लिंबाखाली झोपून झोपून जाड झाला. वळवाचं असं वादळ सुटलं की पार चकलांबा गावचा पत्रा उडून आमच्या बाजारात पडला — अजून हाय गोठ्यावर, या बघायला — पण तार जाग्यावरून हालली न्हाई!

महांतेशला आमच्या शेजारच्या खोलीत ठिवलं होतं, जेवण आमच्याकडं. दिवसा दोघं माडीवर. मी च्या घेऊन जायची, तवा पायरीवर जरा थांबायची... दमा हाय ना मला.

"बीडचं मशीन लई हावरट दिसतंय तुमचं," प्रणिता म्हणायची. "किती जागा ठिवता त्याला?"

"थोडी जादाच ठेवावी लागते. पुढं माणसं वाढतात."

"दिंद्रुडात? कोण येतंय हितं राह्याला?"

"येईल की... कोणीतरी."

मग दोघंबी मशिनात डोकं घालायची.

पण खरं सांगू? सकाळी उठल्या उठल्या, तोंडबी न धुता, माझी लेक माडीवर जायची. फोन उचलून कानाला लावायची. आतून 'घूंऽऽ' आलं की डोळे मिटायची... अन मग एक लांब श्वास सोडायची. तार जिवंत हाय म्हंजी आजचा दिवस त्यो हितं हाय. अशी हुरहूर बाई वैऱ्यालाबी लागू नये.

एक दिवस बीडहून कंपनीच्या मालकाचा निरोप आला, सोमवारच्या आत आकडा पायजे. त्या दुपारी जेवताना आमचे मालक, म्हंजी प्रणिताचा बाप चन्नप्पा, भाकरी मोडता मोडता सहज म्हणले,

"सायब, एक इचारू का? तार तुटायची वाट कावून बघायची? वायर हातानं उपसायची, संध्याकाळी परत खोचायची. तेच झालं का न्हाई?"

प्रणिताच्या हातातली पळी आमटीत बुडाली. महांतेशला ठसका लागला.

"मला... सुचलंच नाही," त्यो म्हणला.

"मलाबी न्हाई," प्रणिता म्हणली.

दोघं ताटाकडं बघत होते, अन दोघांचे कान मिरचीवानी लाल. अगं, मशीन जाणणारी दोन माणसं, अन हे सुचंना? मला एका घासात सगळं उमगलं. आमच्या ह्यांना काय न्हाई. ह्यांनी ताक मागितलं.

माडीवर गेल्यावरबी कुणाचा हात वायरला लागंना.

"तुमी उपसा."

"तुम्हीच उपसा ना."

"माझा हात न्हाई होत..."

तेवढ्यात आमचे मालक दात कोरत वर आले. "ह्यात काय हाय बे!" म्हणले, अन वायर उपसून खाली गेले.

ती दुपार लई लांब होती. मशीन मुकं. दोघं समोरासमोर, मधी सुटलेली वायर.

"साचायला किती वेळ द्यायचा?" प्रणितानं हळूच इचारलं.

"जेवढा देता येईल... तेवढा."

ऊन उतरलं, तवा त्यानं वायर खोचली. मोडेमवरचे बारके दिवे येड्यावानी लुकलुकाया लागले. साचलेलं सगळं धावत सुटलं. त्यानं मोजलं. मग उगंच पुन्हा मोजलं.

"पुरंल का मशीन?"

"मशीन पुरेल," त्यो म्हणला, अन खिडकीबाहेर बघाया लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अन प्रणिता स्टँडवर त्याला पोचवायला गेलो. बीडची यष्टी आली, आकडा आधी तिथं द्यायचा होता. त्यानं पिशवी आत ठिवली, अन माघारी वळून म्हणला, "प्रणिता, इतक्या दिवसांचं जे साचलंय, त्याला पुरेल असं काहीच नाही माझ्याकडं. मी थांबू?" ती म्हणली, "थांबा."

...

आता अशा बघू नका माझ्याकडं. लिंगाची आण घेतलीया म्हणून सांगते. हे स्टँडवरचं बोलणं मी घातलंय. तेवढंच!

त्यो काय बोललाच न्हाई. यष्टीच्या पायरीवर एक पाय, एक खाली. कंडक्टर खेकसला, "चढतो का बे?" प्रणिता चपलेकडं बघत उभी. मग गाडी हालली, अन त्यानं पाय काढून घेतला. पिशवी एकटीच बीडला गेली. श्रावणात त्याचे आईबाप सुपारी फोडायला आले तवा लोक हसले, बोलले, पण त्या सकाळी न्हाई. त्या सकाळी धूळ खाली बसली तरी दोघं रिकाम्या रस्त्याकडं बघत नुसती उभी... इतकं गप मला सोसंना गं. म्हणून घातली दोन वाक्यं.