बाईसाहेबांचा उसासा

त्या आठवड्यात गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा आत्याने तिला पहिल्यांदाच 'गाडी' म्हटलं. तोपर्यंत ती तिला 'बाईसाहेब' म्हणत असे.

"ही गाडी आता पुरे," आत्या म्हणाली आणि हेल्मेट काढून चढावाच्या कडेला दगडावर बसली.

मागच्या सीटवरून तिची भाची शंका खाली उतरली. 'मागची सीट' हा शब्द जरा उदारपणाचा आहे. बाईसाहेब मोटारसायकलींच्या स्क्रॅम्बलर घराण्यातल्या होत्या. गोल दिवा, रुंद हँडल, खडबडीत टायर, मांडीजवळून वर उचललेला सायलेन्सर आणि पाटासारखी चपटी सीट, तीही आत्या बसली की संपत यायची. दोनच वर्षांपूर्वी कारखान्यातून निघाल्या होत्या, पण दिसायला पन्नास वर्षांच्या. "आमच्या वेळी गाड्या जुन्या दिसायच्या, कारण त्या जुन्या असायच्या," असं आजोबांचं मत होतं. तरी गाडी दारात आली की तेच आधी खिडकीशी यायचे.

आत्याने टाकीचं झाकण उघडलं. फुस्स असा आवाज झाला.

"ऐकलंस? उसासा टाकते," आत्या म्हणाली. "पेट्रोल अर्धी टाकी आहे. हिला दुःख कसलं आहे कोण जाणे."

झाकण लावून तिने बटण दाबलं. बाईसाहेब लगेच घुमायला लागल्या, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"झाली की सुरू," शंका म्हणाली.

"आत्ता झाली. काल ह्याच वळणावर मेकॅनिकची वाट बघत तासभर बसले. वर गुरुजी माझी वाट बघत होते." आत्या घरोघर जाऊन लोकांना व्यायाम शिकवायची. मोडलेली हाडं जुळल्यावर माणसाला पुन्हा चालतं करणं हे तिचं काम. "मी येईना, म्हणून गुरुजी एकटेच उठले चालायला. पडले. ह्या वेळी नुसतं खरचटलं. पुढच्या वेळी?"

शंकाने दगडावरचं हेल्मेट तिच्या हातात दिलं.

"रविवारी दहा वाजता आमच्या मंडळाचे अध्यक्ष येतायत, हिला विकत न्यायला. मी शब्द दिलाय."

शंकाचं खरं नाव घरातही कोणी घेत नसे. बारा वर्षांत तिने काढलेल्या शंका मोजायचं काम कोणी हाती घेतलं नव्हतं, एवढंच. पण आता तिला एकच शंका होती. सुट्टीतले सगळ्यात चांगले दिवस ज्या गाडीच्या मागे चिकटून गेले, ती कोणालाच कळत नाही अशा कारणाने का जावी?

घरी आल्यावर तिघांची बैठक आजोबांच्या शिंपीकामाच्या टेबलाखाली बसली. शंका, तिचा चुलतभाऊ भोंगा आणि आठ वर्षांचा धाकटा भाऊ टिंबू. भोंग्याला हळू बोलता येत नसे. टिंबू कुठल्याही खेळात लिंबूटिंबू असायचा, म्हणून टिंबू.

"मेकॅनिककाका काय म्हणतात?" शंकाने विचारलं.

"प्लग बदलला, वायर बदलली, कॉइल बदलली," भोंगा कुजबुजला. वरून आजोबांची कात्री थांबली. "म्हणाले, आता फक्त चालवणारी बदलायची राहिलीय."

"आणि त्यांच्या हातात बंद पडते का?"

"नाही. चौकापर्यंत नेतात, परत आणतात. मस्त चालते."

"दुसऱ्यांच्या पडतात का?" शंका म्हणाली. "ह्याच गाडीवाल्यांचं मंडळ आहे ना, आत्या जाते ते?"

तसं मंडळ होतं. त्याचं नाव गोल दिवा मंडळ. शनिवारी सकाळी मैदानाच्या भिंतीलगत सात गाड्या उभ्या होत्या, पुढची चाकं एकाच कोनात वळवून. मालक समोर उभे राहून चहा पीत होते आणि नवरीकडे बघावं तसे आपापल्या गाडीकडे बघत होते.

"नमस्कार," भोंगा म्हणाला. भिंतीवरची कबुतरं उडाली. "आम्ही सुट्टीचा प्रकल्प करतोय. वाहन आणि त्याचा मालक."

"मालक म्हणू नकोस, बाळ," अध्यक्ष म्हणाले. हे एरवी चष्म्यांचं दुकान चालवत. "आपण हिचे सोबती असतो."

शंकाने वहीत 'सोबती' लिहिलं. मग मतांची नुसती रीघ लागली.

"मी दिवसभर ड्रिलचा आवाज ऐकतो," दातांचे डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी हिचा ऐकला की माणसांबद्दल पुन्हा बरं वाटायला लागतं."

"ह्या हँडलवर हात ठेव," ऑफिसात काम करणारी एक ताई म्हणाली. "ठेव ना. बघ, खांदे आपोआप उघडले की नाही? दिवसभर मी खुर्चीत अशी असते." तिने पोक काढून दाखवलं. "घरी जाताना वीस मिनिटं मी सरळ असते."

शंकाने हात ठेवले. खांदे खरंच उघडले.

"आरसे थरथरतात का?" तिने विचारलं.

"थरथरतात. पण मागचं बघून करायचंय काय?"

"सायलेन्सर तापतो?"

"थंडीत काय सुख वाटतं म्हणून सांगू," डॉक्टर म्हणाले.

"आणि मागे बसणाऱ्याला?"

"आमची ही बसली होती एकदा."

"मग?"

"आता तिची वेगळी स्कूटर आहे. संसार सुखाचा आहे."

"बंद पडते का?"

सगळ्यांनी चहाचा घोट घेतला. मग अध्यक्ष म्हणाले, "कधीच नाही." पाठोपाठ सहा माना डोलल्या.

शंकाने लिहिलं आणि पेन्सिल तोंडात धरली. सहा जणांचं उत्तर एकसारखं आलं की वर्गात बाई पेपर परत मागवून घेतात. पण इथे बाई नव्हत्या. टिंबू होता. तो डॉक्टरांच्या गाडीची चाकं मोजून झाल्यावर म्हणाला, "मग ती दमत नाही? मी दमतो."

डॉक्टर विरघळलेच. "दमते की रे. माझी पुलापाशी दमते. निघाल्यापासून वीस-बावीस मिनिटांनी. मग मी थांबतो, तिच्याशी दोन शब्द बोलतो."

"माझी शाळेच्या मागे," ताई म्हणाली. "मी सावलीत लावते."

"मी थोपटतो," तिसरा म्हणाला.

बंद कोणाचीच पडत नव्हती. दमत मात्र सगळ्यांचीच होती.

"आणि टाकी उघडता?" शंकाने विचारलं.

"पेट्रोल बघायला उघडतोच ना माणूस."

"मग फुस्स होतं?"

डॉक्टरांचे डोळे भरून आले. "उसासा टाकते. जिवंत आहे गं ती."

"माझी दमत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि पिवळ्या फडक्याने टाकीचं झाकण गोल गोल पुसू लागले. ते झाकण इतकं चकाकत होतं की त्यात टिंबूचं नाक दिसत होतं.

तेवढ्यात आठवी गाडी आली. तिचा रंग कळत नव्हता, कारण तो चिखलाखाली होता. चालवणारा मोबाईलचे टॉवर दुरुस्त करायचा. त्याने गाडी लांब, कचऱ्याच्या डब्यापाशी लावली. फोटोत येऊ नये म्हणून ती जागा मंडळानेच त्याला ठरवून दिली होती.

"तुमची दमते का?" शंका पळत जाऊन म्हणाली.

"तिला वेळ कुठाय? दिवसाला चार टॉवर असतात. डोंगर, नाला, काय वाट्टेल ते. गाढवासारखी राबते आणि घोड्यासारखी चालते."

"उसासा टाकते?"

"कसला उसासा?" त्याने झाकण उघडलं. काही आवाज आला नाही.

"पुसता कधी?"

"पाऊस पुसतो."

अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. "आम्ही प्रत्येक नव्या सभासदाला मेणाची डबी देतो," ते शंकाला समजावू लागले. "झाकणापासून सुरुवात करायची, रोज. तुझ्या आत्याला विचार. दोन महिन्यांपूर्वी सभासद झाली, एक दिवस खाडा नाही तिचा."

दोन महिने. शंकाने त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. बाईसाहेबांनी थांबायला सुरुवात केली तीही तेव्हापासूनच.

घरी येताना टिंबू पाण्याची बाटली तोंडाला लावून चालत होता. ती मऊ प्लॅस्टिकची होती. त्याने तोंड न काढता ओढ ओढ ओढलं, बाटलीचे गाल आत गेले, आणि पाणी येईनासं झालं.

"संपलं," तो म्हणाला.

"अर्धी बाटली भरलीय, शहाण्या," भोंगा म्हणाला.

टिंबूने तोंड काढलं होतं. बाटलीत फुस्स करून हवा शिरली आणि तिचे गाल पुन्हा बाहेर आले.

शंका रस्त्यातच थांबली. "परत कर," ती म्हणाली. तिने टिंबूला ते सहा वेळा करायला लावलं. सहाव्या वेळी पाणी खरंच संपलं.

"टाकीतून पेट्रोल खाली जातं," ती भराभर बोलू लागली, "तर त्याच्या जागी हवा आत यायला नको? झाकणाला बारीक भोक असणार त्याच्यासाठी. आणि ही माणसं रोज त्याच्यावर मेण चोळतात. तिला दुःख बिःख काही नाहीये, भोंग्या. तिचा श्वास कोंडतोय."

मेकॅनिककाका हे ऐकून पोट धरून हसले. "कॉइल बदलून जे झालं नाही ते एवढ्याशा भोकानं होणार?" आत्या दिवसभर बसने फिरून दमून आली होती. "बघू गं," ती म्हणाली आणि दिवा न लावताच पलंगावर आडवी झाली.

रविवारी दहा वाजता अध्यक्ष आले. गाडी नीट ताब्यात द्यायला मेकॅनिककाकाही आले होते.

"काका," शंका त्यांना म्हणाली, "तुम्ही हिला चौकापर्यंत नेता, त्याला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"ही वीस मिनिटांनी थांबते."

मेकॅनिककाकांनी बोटांवर मिनिटं मोजून पाहिली. दोन महिन्यांत हा हिशेब त्यांना कोणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःला तर नाहीच.

"डोंगरावर नेऊन बघा ना. थांबली तर टाकीला हात लावायचा नाही, आधी फोन करायचा."

ते गेले. पंचवीस मिनिटांनी भोंग्याच्या हातातला फोन वाजला. "वळणावर बसलोय," काका म्हणाले. "प्लगला ठिणगी आहे. पेट्रोल डुचमळतंय. पण सुरूच होत नाही."

"आता उघडा."

फोनमधून आलेलं फुस्स खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

ते परतले तेव्हा आजोबा दुकानातून सुई घेऊन उभेच होते. "बारीक नंबरची आहे," ते म्हणाले. "माझ्या मशीनला तेलाचं भोक असतं, त्यात खडू गेला की तीही अशीच रुसते. मला कोणी विचारलंच नाही."

काकांनी झाकण काढून उजेडात धरलं आणि सुई हळूच फिरवली. टोकावर पिवळसर मेणाचा खडा आला, मोहरीएवढा. आत्याने तो बोटावर घेऊन निरखला. दोन महिने ती रोज सकाळी स्वतःच्या हाताने ते भोक बुजवत होती.

काका पुन्हा डोंगरावर गेले. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. तासाभराने ते आले तेव्हा वाऱ्याने केस पार उभे राहिले होते.

"वळणावर थांबली?" आत्याने विचारलं.

"वळण गेलं, गुरुजींचं घर गेलं, त्याच्या पुढे गेलो," काका म्हणाले. "परत यावंसंच वाटेना. काय चीज आहे, ताई."

"उत्तम," अध्यक्ष हात चोळत म्हणाले. "म्हणजे मी आता निर्धास्त नेतो."

एवढी खटपट करून शंकाने गाडी दुरुस्त केली होती ती अध्यक्षांसाठी. आत्याने ओठ दाबून किल्ली पुढे केली. शब्द म्हणजे शब्द.

"अध्यक्षकाका, एक शंका आहे," शंका म्हणाली. "तुमच्याकडे हीच गाडी आहे. रंगही हाच. ती कधीच थांबत नाही. मग दुसरी कशाला?"

"म्हणजे, एक असावी... जोडीला..."

"आणि आज चालत का आलात?"

"व्यायाम."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. व्यायाम करणारी माणसं ती रोज बघायची.

अध्यक्षांनी रुमालाने मान पुसली. "पुलापाशी उभी आहे," ते शेवटी म्हणाले. "काल संध्याकाळपासून. तीन आठवडे हे चाललंय. अध्यक्षाचीच थांबते म्हटल्यावर मंडळ काय म्हणेल?"

"टाकी उघडून बघितलीत?"

"भर रस्त्यात? लोक बघत होते."

आजोबांनी सुई कागदात खोचून शंकाच्या हातात दिली. सगळे पुलाकडे निघाले. अध्यक्षांची गाडी तिथे एकटी चमकत होती. त्यांनी झाकण उघडलं तेव्हा इतका मोठा उसासा आला की नळावर पाणी भरणारी बाई वळून बघायला लागली. शंकाने स्वतः सुई फिरवली. बटण दाबताच गाडी घुमली, आणि अध्यक्षांच्या चेहऱ्यावर टिंबूच्या वयाचं काहीतरी उमटलं.

"ही माझी आहे," ते स्वतःशीच म्हणाले आणि निघूनच गेले. विकत घ्यायच्या गाडीची त्यांना आठवणही राहिली नाही. किल्ली आत्याच्या मुठीतच राहिली.

"मी तीन वस्तू बदलल्या," मेकॅनिककाका शंकाला म्हणाले. "सुई काही सुचली नाही. तू माझ्या गॅरेजात येऊन शंका काढत जा. चहा माझ्याकडून." आणि ती सुई मागून घेऊन त्यांनी कॉलरला खोचली. आजोबा नातवंडांकडे बघून एवढंच म्हणाले, "टेबलाखाली जागा कमी पडत असेल तर सांगा." त्यांच्या तोंडून हे म्हणजे मोठंच कौतुक होतं. मंडळाने त्याच आठवड्यात नियम बदलला, 'झाकण सोडून पुसावे', आणि चिखलवाल्या गाडीला फोटोत मधली जागा दिली.

सोमवारी बाईसाहेब शंकाला मागे घेऊन वळण ओलांडून वर गेल्या. गुरुजी दारात वॉकर धरून उभे होते.

"दहा मिनिटं लवकर?" ते कुरकुरले. "मला आळस करायला तरी वेळ द्यायचा होता."

आत्या हसली. आत जाण्याआधी तिने सवयीने टाकीचं झाकण उघडलं आणि दोघींनी कान लावला.

काहीच ऐकू आलं नाही.

"बाईसाहेबांना काही दुःख उरलं नाही," शंका म्हणाली.

"हो ना," आत्या म्हणाली, पण जराशी हिरमुसली होती. मग तिने खिशातून पिवळं फडकं काढलं, झाकणाजवळ नेलं, क्षणभर थांबली, आणि गोल दिवा पुसायला घेतला.